खरवडीचा डोंगर

काठावर घाई चालत नाही आणि आळस तर त्याहून चालत नाही, हे काठमोजणी तुकडीतल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जाई. उद्धव कारंडे नऊ वर्षं हे इतरांना ऐकवत आला होता. म्हणूनच त्या दिवशी त्याने जे केलं नाही, ते त्याने पुढे कित्येक महिने कुणालाच सांगितलं नाही.

काठ म्हणजे सावलीचा काठ. अलीकडे काळाकुट्ट, गार ढग आणि पलीकडे जमदग्नी. सूर्याच्या साठ पट वजनाचा आणि वीस लाख पट तेजाचा हा तारा. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं. समोर येईल त्याला भस्म करायचं, एवढंच त्याला ठाऊक. आसपासचे ढग त्याने केव्हाच उधळून लावले होते. एक तेवढा चिवट निघाला, आणि तो कसा तग धरतो हे बघायला तीनशे चाळीस माणसं त्याच्या सावलीत येऊन राहिली होती. त्यांचं केंद्र म्हणजे एक अवाढव्य यानच, नाव ओसरी. ढगाला माणसं काळी आई म्हणत, कारण अकरा वर्षं तिच्या पदराखाली ती जिवंत होती.

त्या दिवशी उद्धव आणि त्याचा धाकटा भाऊ भार्गव काठनौका घेऊन सावलीची हद्द मोजायला निघाले. ढगाच्या गारठ्यात नौकेवर बर्फ चढतो. काठ जवळ येण्याआधी बाहेर पडून तो लांब दांड्याच्या उलथन्याने खरवडायचा, नाहीतर नौकेचा तोल जातो आणि वळताना ती हातभर जास्त फिरते. काठावर हातभर म्हणजे मरण. पुढचा भाग एकाने खरवडायचा, मागचा दुसऱ्याने. निघालेली खरवड टाकून द्यायची नाही, जाळ्यात भरून परत आणायची. ओसरीच्या मागे अशा अकरा वर्षांच्या खरवडीचा डोंगर बांधून ठेवलेला होता. पाणी लागलं की त्याचा तुकडा तोडायचा.

भार्गवने नाकापासून निम्म्यापर्यंतचा पत्रा लख्ख केला. उद्धवचा खांदा सकाळपासून ठणकत होता. त्याने दोन-चार हात मारले, आत आला आणि झालं म्हणून सांगून मोकळा झाला.

वळताना जड शेपटीने नौका फिरवली. नाक सावलीबाहेर गेलं.

पुढच्या काचा आधी पांढऱ्या पडल्या, मग उरल्याच नाहीत. पत्रा कांद्याच्या सालीसारखा सुटत गेला. मधला दरवाजा आपोआप बंद झाला आणि त्याच्या छोट्या भिंगातून उद्धवने भावाला पाहिलं. भार्गव दरवाजावर दोन्ही मुठी आपटत होता आणि त्याच्या पोशाखाची पाठ पेटली होती. तारेवर त्याचा आवाज येत होता, तो शब्दाचा आवाज नव्हता. मग शेपूटही उजेडात ओढली गेली, कुणीतरी लाथ घालावी तसा धक्का बसला, उद्धव भिंतीवर आदळला, तीन बरगड्या मोडल्या. शुद्धीवर आला तेव्हा नौका पुन्हा सावलीत होती आणि निम्मीच होती.

चौकशीत त्याने सांगितलं की मागचं इंजिन वेळेवर सुरू केलं म्हणून आपण वाचलो. खरं तर त्याने कशालाही हात लावला नव्हता. सोडवायला दुसरी नौका येईपर्यंत त्याने एकच काम केलं. मोडक्या बरगड्यांनी बाहेर जाऊन मागच्या भागावर उरलेला बर्फ खरवडून टाकला, म्हणजे कुणाला आळस दिसायला नको.

भार्गवची बायको शर्वाणी दातीर ओसरीवरची ढगांची तज्ज्ञ. रडणं संपल्यावर तिने दिराला एकच विचारलं, “दादा, इंजिन किती सेकंद चाललं?”

“सहा,” उद्धव म्हणाला. तिने वहीत सहा लिहिले. नंतर कितीतरी दिवस ती त्या सहावर पेन आपटत बसलेली दिसायची.

चार महिने असेच गेले. ओसरीवर रोज सकाळी एक रिवाज होता. केंद्रप्रमुख दत्ताजी आगलावे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, स्वतः ध्वनिक्षेपकावर काळ्या आईची नाडी वाचून दाखवत. नाडी म्हणजे ढगाच्या मध्यातल्या दाट गाभ्याचं तापमान. अकरा वर्षं ते चढत होतं आणि आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी माणसं रोजचा आकडा ऐकत. ते एकोणीसशे नव्वद अंशांवर येऊन थांबलं, महिना झाला तरी हलेना, तेव्हा स्वयंपाकघराने सगळ्यांना शिरा वाटला. आईचा ताप उतरायला लागला, असं जो तो म्हणू लागला. आगलावे आडनावाच्या माणसाने ही थंडाव्याची बातमी द्यावी, यावर दोन दिवस हसणंही झालं.

थांबून तीन महिने झाले तेव्हा शर्वाणीने सभा बोलावायला लावली. सावली आकसत चालली होती, हे उद्धवच्या मोजणीवरून सगळ्यांना ठाऊक होतं. आता आणखी आत, गाभ्याच्या ध्रुवाजवळ सरकायचं असा अण्णांचा बेत होता. तिथे वायू विरळ आणि शांत होता. शर्वाणी म्हणाली की आत नाही, बाहेर जायला हवं. लांब पलीकडच्या मोठ्या ढगाच्या सावलीत त्यांना घरी नेणारं वाहकयान उभं होतं. पण दोन्ही ढगांना जोडणारा वायूचा दुवा जमदग्नीने तीन वर्षांपूर्वीच उधळून लावला होता आणि आता मध्ये एकोणीस दिवसांची सरळ उन्हातली वाट होती. तिला सगळे उघड म्हणत.

तिने समजावून सांगितलं ते असं. जमदग्नीच्या प्रकाशाचा मोठा हिस्सा अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. तो ढगाच्या पृष्ठावरच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन ओरबाडून काढतो. तो वायू दहा हजार अंशांना तापतो आणि ताऱ्याच्या दिशेने उसळतो. अग्निशामक बंबाच्या नळीतून पाणी सुटलं की नळी धरणारा मागे रेटला जातो, तसा उरलेला ढग मागे आणि आत रेटला जातो. तारा ढगाला नुसता जाळत नव्हता, आवळत होता.

“आवळला तर आवळू दे,” अण्णा म्हणाले. ते स्वतः उष्णताशास्त्रात मुरलेले होते. “दाट झाला की सावलीही दाट.”

“अण्णा, वायू आवळला की तापतो. आवळणं चालू आहे आणि ताप थांबलाय. मग उष्णता जातेय कुठे?”

“ध्रुवांवाटे बाहेर. वायू विरळ आहे तिथे. भांड्यावरचं झाकण किलकिलं असलं की उतू जात नाही, तसं.”

“किलकिलं नसलं तर?”

अण्णांनी तिच्याकडे मायेने पाहिलं आणि तेच तिला लागलं. उघडावर नौका मिनिटभर टिकली नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असं ते म्हणाले. आगीतून फुफाट्यात कशाला जायचं? पूर्ण वेगाने गेलो तर निम्मे तरी पोचतील, असं शर्वाणीने सांगितलं तेव्हा सभेत कुणीतरी खुर्ची फेकली. ती बोलत असताना सगळे उद्धवकडे पाहत होते, कारण उघड बघून परत आलेला तो एकटाच होता. तो उभा राहिला आणि म्हणाला की बाहेर काय आहे ते मी पाहिलंय, आत चला. हात वर झाले आणि प्रश्न मिटला.

शर्वाणीने तो मिटू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ओसरी आत सरकायला निघाली तेव्हा तिने सुकाणूकक्षात स्वतःला कोंडून घेतलं आणि यानाचं तोंड काठाकडे फिरवलं. अण्णांनी उद्धवला पाठवलं. त्याने उलथन्याच्या लोखंडी दांड्याने दाराचं कुलूप फोडलं. ती सुकाणूला चिकटून होती. त्याने ओढलं, ती चावली, त्याने तिचा उजवा हात मागे पिरगाळला आणि वाळकी काटकी मोडल्याचा आवाज झाला. सुकाणू सुटलं. ती ओरडली नाही, फक्त खाली बसली, आणि आपण भावाच्या विधवेचं मनगट मोडलं हे उद्धवला कळायला थोडा वेळ लागला. त्याला स्वतःची किळस आली.

उपचारकक्षात पहाऱ्यालाही त्यालाच बसवलं. मनगट भोपळ्याएवढं सुजलं होतं. तो खरवडीचा एक तुकडा वाडग्यात घेऊन आला आणि फडक्यात गुंडाळायला लागला.

“थांबा दादा,” ती म्हणाली. “अर्धा बर्फ वाडग्यातच राहू दे. वाडगं शेगडीवर ठेवा आणि तो तापमापक टाका त्यात.”

वेदनेने डोकं फिरलं असेल असं त्याला वाटलं, पण त्याने ऐकलं. शेगडी लाल झाली. बर्फ वितळत राहिला आणि काटा शून्यावर बसून राहिला.

“शेगडीची उष्णता कुठे गेली?” तिने विचारलं.

“बर्फ वितळवण्यात.”

“काटा हलला नाही म्हणून शेगडी बंद आहे, असं म्हणाल का?” ती उठून बसली. “गाभ्यातले हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने असतात. दोन हजार अंशांच्या आसपास त्या जोड्या तुटायला लागतात. येणारी सगळी उष्णता तोडण्यात खर्च होते, म्हणून काटा थांबतो. पण गाभा इतके दिवस कोसळला नाही तो वाढत्या तापाच्या जोरावर. वजन वाढतंय, ताप वाढत नाही. मग एक दिवस सगळं आत बसणार आणि तारा जन्मणार. गाभा गरगर फिरतोय, त्यामुळे कोसळणारं सगळंच आत मावत नाही, उरलेलं दोन्ही ध्रुवांतून झोत होऊन सुटतं.”

ओसरी ध्रुवाकडेच चालली होती.

“अण्णा म्हणतात उष्णता गळतेय,” उद्धव म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“ध्रुवावाटे गळत असती तर इथला गारठा कमी झाला असता. नौकांवर बर्फ तुम्ही खरवडता, मी नाही. तीन महिन्यांत थर पातळ झाला का?”

थर उलट जाड झाला होता. पोरं कुरकुर करत होती, दोन उलथनी वाकली होती. आईचा ताप उतरला नव्हता. तिच्या पदरात निखारा होता आणि तीनशे चाळीस माणसं त्याच्याजवळ सरकत होती, उद्धवच्या शब्दावर.

“किती दिवस?”

“महिना. कमीही असेल.” ती भिंतीला टेकली. “आणि बाहेर मिनिटभर. तुमचं इंजिन सहा सेकंदांत नौका इतक्या जोरात मागे कशी फेकतं, हे एक मला सुटलेलं नाही. गणित जुळत नाही. नौकेचं उरलेलं निम्मं पुढच्यासारखं जळायला हवं होतं.”

उद्धवने शेगडी विझवली. तो जमिनीवर बसला आणि तिथूनच बोलला. “मी इंजिन लावलंच नाही. मी माझा भाग खरवडला नव्हता, शर्वाणी. शेपूट जड झाली म्हणून नाक बाहेर गेलं. भार्गव माझ्या आळसाने मेला. नंतर मी बर्फ काढून टाकला, कुणाला दिसू नये म्हणून.”

तिने डाव्या हाताने वाडगं उचलून त्याच्या तोंडावर मारलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात गेलं. ती पुन्हा मारायला पुढे झाली, दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा हात उगारला आणि तसाच राहिला.

“बर्फ किती होता?” तिने विचारलं. आवाज वेगळाच होता.

“चार बोटं.”

“आणि नंतर?”

“तीन. जास्तच, तीनपेक्षा.”

“त्याच्या खालचा पत्रा?”

“रंगसुद्धा गेला नव्हता.”

हात खाली आला. वायू ढगावरून उसळतो आणि उरलेला ढग मागे रेटला जातो, हे ती अकरा वर्षं शिकवत होती. बर्फाची वाफ उसळली आणि नौका मागे फेकली गेली. जमदग्नीने त्या बर्फाला ढगासारखं वागवलं होतं. ढगाला पोळतं ते फक्त वरच्या थरात. खाली सावली राहते आणि शिवाय धक्का मिळतो. नौका टिकत नाहीत, कारण काठावर जाणारी प्रत्येक नौका आपण शिस्तीने खरवडून काढतो. अकरा वर्षं माणसांनी आपलं छप्पर स्वतःच्या हातांनी काढलं होतं आणि घराच्या मागे रचून ठेवलं होतं.

“डोंगर पुढे आणायचा,” ती म्हणाली. “आपणच ढग व्हायचं.” मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत, कारंडे, तर आपण आता पलीकडे असतो.” ती त्याला दादा म्हणाली नाही, आणि त्यानंतरही म्हणाली नाही.

सभेत उद्धवने सगळं पुन्हा सांगितलं, कारण त्याच्या तोंडून आल्याखेरीज आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. काठमोजणीच्या पोरांनीच त्याला धरलं. भार्गव त्यांच्यात वाढलेला होता. त्यांनी त्याला लाथांनी तुडवलं, जुळलेल्या बरगड्या पुन्हा मोडल्या, आणि त्याने हात आडवा केला नाही. अण्णांनी पाचव्या-सहाव्या लाथेला थांबवलं. शर्वाणीने सभेतही बर्फाचं वाडगं शेगडीवर ठेवलं होतं, ते त्याच्याशेजारी बसून काटा पाहत होते. बर्फाचा शेवटचा खडा विरघळला, काटा सरसर चढला आणि त्यांचा चेहरा उतरला. “मी शिरा वाटला,” एवढंच ते म्हणाले आणि यान थांबवण्याचा हुकूम दिला.

डोंगर मागून पुढे ओढायला सहा दिवस लागले. त्यात दोन माणसं जाळ्यांच्या दोरांत सापडून चिरडली. सातव्या दिवशी ओसरी बर्फाची ढाल जमदग्नीकडे धरून काठाबाहेर पडली.

उघडावरचा पहिला धक्का सगळ्यांना पायांत जाणवला. डोंगराच्या उजेडातल्या तोंडावरून वाफ गर्जत सुटली. निर्वातात आवाज नसतो, पण दोर आणि खांबांवाटे तो हाडांत येत होता. जाळ्यांच्या कडा लालबुंद होऊन तुटत होत्या. बाजूला डोकावलेला एक संदेशस्तंभ पापणी लवेपर्यंत वाहून गेला. सावलीचा पट्टा ओसरीपेक्षा जेमतेम रुंद होता आणि त्याच्या बाहेर बोट काढलं तर बोट परत येणार नव्हतं. पण बर्फाखाली अंधार राहिला, आणि ज्याने भार्गवला जाळलं तोच तारा आता सगळ्यांना वाहकयानाकडे ढकलत होता. उद्धवला याचा राग आला. तारा दुष्ट असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रोज सकाळी अण्णा सवयीने ध्वनिक्षेपकापाशी जात. आता ते बर्फाची उरलेली जाडी वाचत.

नवव्या दिवशी काळी आई फुटली. ढगाचा मध्य आधी काळवंडला, मग आतून तांबडा झाला आणि दोन्ही ध्रुवांतून झोत निघाले. भाल्यासारखे सरळ, सेकंदाला दोनशे किलोमीटर वेगाचे. वरचा झोत ओसरी जिथे मुक्कामाला जाणार होती तिथून आरपार गेला. मागे राहिलेल्या मोजणीयंत्रांचे संदेश एकामागून एक तुटले. जमदग्नीने केलेल्या एका जखमेतून दुसरा तारा जन्मला होता. एका बाईला वांती झाली.

त्या झोताने ढवळलेला वायू बाराव्या दिवशी ओसरीला गाठून गेला. मोठं काही झालं नाही, फक्त डोंगर उजवीकडून जास्त झिजला. डाव्या खांद्यावर बर्फ अधिक राहिला. तोल गेला आणि ओसरी अगदी सावकाश वळायला लागली, जड शेपटीची नौका वळते तशी. इंधन केव्हाच संपलं होतं. शर्वाणीने हिशोब केला. दोन तासांनी ओसरीची कड सावलीबाहेर जाणार होती, आणि त्या कडेला नव्वद माणसांच्या खोल्या होत्या.

उपाय एकच होता. डाव्या खांद्यावर जाऊन जादा बर्फ खरवडून काढायचा. खांद्यावर सावली हातभर रुंद, आणि खरवडेल तसतशी ती आणखी अरुंद होत जाणार. खरवडणाऱ्याने आपल्याच पायाखालची सावली काढायची होती. कुणी पाठवायच्या आतच उद्धव पोशाख चढवून, बांधलेल्या बरगड्यांनी, दाराशी उभा होता. काठमोजणीच्या पोरांपैकी एकाने, ज्याने त्याला सर्वांत जास्त तुडवलं होतं, कोठीत राहिलेलं भार्गवचं जुनं उलथनं आणून त्याच्या हातात दिलं.

तो पाऊण तास खरवडत होता. प्रत्येक हात मारताना छातीत सुरी फिरत होती. पहिल्या अर्ध्या तासात डाव्या कोपराचा पोशाख एकदा उजेडात गेला आणि कोपर गेलं; ती बाजू त्याने दोराने शरीराशी आवळून घेतली आणि उजव्या हाताने काम चालू ठेवलं. सुकाणूकक्षात शर्वाणी वळणाचा कोन वाचत होती. वळणं मंदावलं. मग थांबलं. मग कोन उलट्या दिशेने, हवा होता तसा, केसभर सरकला.

तारेवर तिचा आवाज आला. “पुरे. तोल आला.”

उत्तर म्हणून तिला फक्त लोखंड बर्फावर घासल्याचा आवाज ऐकू आला.

“कारंडे, पुरे म्हटलं. परत या.” ती थांबली. मग तिचा आवाज फाटला. “दादा, या आत.”

“येतो,” उद्धव म्हणाला. त्याने उरलेल्या थराकडे पाहिलं. दोन हात मारून झालं म्हणण्याजोगा होता तो, पण तेवढा राहिला तरी उद्या-परवा नाक पुन्हा फिरलं असतं. “माझ्या भागातलं एवढंसं राहिलंय.”

आणि तो पुन्हा खरवडायला लागला.